एका कडीसाठी अकरा अर्ज

मुकादमाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. तो तळघराचा जिना उतरायला लागला की धुलाईघरातल्या बायांना तो दिसायच्या आधी ऐकू यायचा. घडीवालीला तर तो आसपास नसतानाही ऐकू यायचा. घरी बशीवर चमचा आपटला, रस्त्यात कुणाच्या सायकलची साखळी खळखळली, की ती मागे वळून बघायची. एकदा नवऱ्याने खिशातली चिल्लर टेबलावर टाकली, तर हातातलं दुधाचं पातेलं निम्मं सांडलं.

"अगं, झालं काय?" नवरा म्हणाला.

"काही नाही. हात निसटला."

ती दवाखान्याच्या तळघरात धुतलेल्या चादरींच्या घड्या घालायची. ड्रायरमधून गरम चादर निघाली की गार व्हायच्या आत घडी पडली पाहिजे, नाहीतर सुरकुती इस्त्रीलाही दाद देत नाही. अंगाने काटकुळी, चाळिशी उलटलेली, पण चादर एकदा हवेत झटकली की चारही टोकं शहाण्यासारखी आपापल्या जागी. अकरा वर्षं तिने हेच केलं. नवरा त्याच दवाखान्यात लिफ्ट चालवायचा. तो दिवसभर साहेब लोकांना वर-खाली न्यायचा आणि त्यांच्यासमोर तोंड उघडायचं नाही ही त्याने नोकरीची पहिली अट मानली होती. त्यानेच बायकोला सांगून ठेवलं होतं, "काहीही कर, पण आपलं नाव कुठे पुढे येऊ देऊ नकोस." तिला सांगायची गरजच नव्हती. नाव पुढे येण्याच्या नुसत्या कल्पनेने तिची पाचावर धारण बसायची.

आणि तिला केलं होतं मंडळाची चिटणीस! कारण एकच. बावीस बायांत सुवाच्य अक्षर तिचं एकटीचं.

मंडळाचं कागदावरचं नाव लांबलचक होतं, तोंडी नुसतं मंडळ. दर मंगळवारी मोठे ड्रायर फिरत असताना पाऊण तास हात मोकळे असायचे, तेव्हा बाया गाठोड्यांवर बसायच्या आणि मंडळ भरायचं. एकीच्या पोराला ताप आला तर दुसरी तिची पाळी करायची. एकीचा नवरा हात उचलायचा, तर चौघी संध्याकाळी तिच्या घरी 'सहज' जाऊन बसल्या. रोज. आठ दिवस. नवव्या दिवशी तो माणूस स्वतः उठून त्यांना पाणी द्यायला लागला. रोग्यांच्या घाणेरड्या कपड्यांना हात लावायला दवाखाना हातमोजे देईना, तेव्हा मंडळाने हातमोजे आणले. कपडे बदलायच्या खोलीत आरसा लावला तो मंडळाने. अशा बायांबद्दल कोणी वावगं बोललं तर ऐकून घेऊ नये. पण मंडळ जे काही करायचं ते आपलं आपल्यात. जिना चढून वर, दवाखान्याच्या मोठ्या साहेबाकडे, जायचा तो फक्त अर्ज.

अर्जाखाली सह्या गोल करायच्या ही युक्ती घडीवालीची. बशी उपडी ठेवून पेन्सिलीने वर्तुळ काढायचं आणि त्याच्याभोवती बावीस जणींनी चाकाच्या आऱ्यांसारख्या सह्या करायच्या. पहिली कोण, शेवटची कोण, कुणाच्या बापाला कळायचं नाही. धुलाई यंत्रावर भोंगा नावाची बाई होती. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीतच उरलं होतं. यंत्राच्या गडगडाटात बोलून बोलून तिचा आवाज असा झाला होता की ती कानात बोलली तरी दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. ती पहिल्या अर्जाला भलतीच खूश झाली.

"काय डोकं आहे गं तुझं! साहेबाला मान गोल गोल फिरवून वाचावं लागेल. चक्कर येऊन पडेल मेला."

सगळ्या हसल्या. घडीवालीही हसली. तिला एकटीला माहीत होतं की ही युक्ती डोक्यातून निघालेली नव्हती. अर्ज लिहिणारीची सही बहुतेक वेळा सगळ्यात वर येते, या धास्तीने तिने आदल्या दिवशी जेवताना ताटलीच्या काठावर बोट फिरवता फिरवता ती शोधली होती.

मागणी काय, तर एक कडी. लोखंडाची, बोटभर लांब, आतून सरकवायची.

कपडे बदलायच्या खोलीला दोन दारं होती. पुढच्या दाराला कडी होती. मागचं दार चादरींच्या कोठाराकडे उघडायचं. ते बाहेरून कुलूपबंद असायचं आणि किल्ली मुकादमाकडे. मुकादमाला म्हणे कोठारातून धुलाईघरात यायला तोच रस्ता जवळचा पडायचा. सकाळी बावीस बाया गणवेश घालत असताना आणि संध्याकाळी उतरवत असतानाच त्याला हा जवळचा रस्ता आठवायचा, हा योगायोग! किल्ली फिरायची, दार उघडायचं, "अरे, आहेत वाटतं कोणी," असं म्हणून तो मान वळवायचा. पण वळवायच्या आधी जेवढं बघायचं तेवढं बघून घ्यायचा. बायांनी एकदा स्वतःच कडी आणून लावली. दोन दिवसांत ती उखडली गेली आणि भिंतीवर सूचना लागली, की आगीच्या नियमाप्रमाणे हे दार आतून बंद करता येणार नाही.

"मग बाहेरून कुलूप ठोकलेलं आगीला चालतं का?" भोंगा म्हणाली. "आग काय मुकादमाला विचारून लागते? हे घाल गं अर्जात!"

घडीवालीने ते घातलं नाही. उद्धट वाटलं असतं. तिने लिहिलं, 'काही वेळा महिला कर्मचाऱ्यांची गैरसोय होते, तरी सहानुभूतीने विचार व्हावा.' असे दहा अर्ज गेले. वरच्या खिडकीतला कारकून शिक्का मारायचा, पोच द्यायचा, आणि त्यापुढे सगळं सामसूम. बॉयलरवरच्या पुरुषांची जोरदार संघटना होती. त्यांच्या पुढाऱ्याकडे दोघी गेल्या, तर तो म्हणाला, "हा बायकांचा प्रश्न आहे, तुमचं मंडळ आहे ना?" जसं काही दाराची किल्ली बायकांनीच फिरवली होती!

त्यात धाकटी जाऊ कामाला लागली. दीर दूरच्या गावी नोकरीला. धाकटी घरात बसून कंटाळली होती, तेव्हा घडीवालीनेच शब्द टाकून तिला गणवेश इस्त्री करायच्या टेबलावर रिकाम्या झालेल्या जागी लावलं. पोरगी हसरी, तोंडाळ. पहिल्याच आठवड्यात तिने भोंग्याची नक्कल करून दाखवली आणि भोंग्यानेच तिला जवळ घेतलं.

एके सकाळी धाकटीला यायला उशीर झाला. बाकीच्या कामाला लागल्या होत्या. घडीवाली चादरींची गाडी ढकलत कोठाराच्या बोळातून येत होती. तिने पाहिलं, की मुकादम त्या मागच्या दारातून बाहेर आला, सावकाश कुलूप लावलं, आणि शीळ घालत निघून गेला. तिथून आत जायला किल्ली नाही. गाडी सोडून ती वळसा घालून पुढच्या दाराशी पळाली, दार वाजवलं. बऱ्याच वेळाने कडी निघाली. धाकटी भिंतीला टेकून उभी होती, गणवेशाची बटणं एक सोडून एक लावलेली.

"तो गेलाच नाही ताई," धाकटी म्हणाली. "मी म्हटलं जा, तर म्हणाला, चालू दे सावकाश, मला घाई नाही. उभा राहिला. मी सगळं घालेपर्यंत उभा राहिला."

"हात लावला?"

"नाही."

आणि घडीवाली काय म्हणाली? तिने धाकटीची बटणं नीट लावली, आणि म्हणाली, "कुणाला बोलू नकोस. हजेरी त्याच्या हातात आहे. आपण मंडळातर्फे अर्ज टाकू."

अकरावा अर्ज. वर्तुळ, सह्या, सहानुभूतीने विचार. मुकादमाचा उल्लेख नाही, त्या सकाळचा उल्लेख नाही. धाकटीने सही केली आणि त्या दिवसापासून तिचं तोंड मिटलं. ती घरूनच गणवेश घालून यायला लागली, तर मुकादमाने गैरहजेरी मांडली. बाहेरच्या कपड्यांवरची धूळ स्वच्छ चादरींना लागते, गणवेश आत येऊनच घालायचा, असा नियम. नियम खरा होता, हेच तर वाईट. मग ती पहाटेच निघायला लागली. कुणी यायच्या आत बदलून टाकायचं. त्या रिकाम्या तळघरात ती एकटी आहे, या विचाराने घडीवालीला घरी अंथरुणात पडवेना. तीही उठून मागोमाग धावायची. दोघी एकमेकींशी न बोलता चालायच्या.

दोन महिने असे गेल्यावर घडीवाली जीव मुठीत धरून वर खिडकीशी गेली. अकराव्या अर्जाचं काय झालं, एवढंच विचारायला. कारकुनाने फाइल काढली. माणूस वाईट नव्हता. त्याने पान तिच्याकडे फिरवलं. अकराच्या अकरा अर्जांवर एकच ओळ होती. 'अर्जदार कोण ते स्पष्ट होत नाही. निकाली काढले.'

"चौकशी लावायची तर पहिल्या सहीवाल्याला बोलवावं लागतं," कारकून म्हणाला. "या गोलात पहिली कोण? मी एकदा खाली विचारायला पाठवलं होतं. मुकादमालाच पाठवलं. तो येऊन म्हणाला, कुणीच पुढे येत नाही."

अकरा वर्षांत घडीवालीने एकच गोष्ट आपल्या अकलेने केली होती आणि तिनेच सगळ्यांचा घात केला होता. हे तिने तेव्हा कुणाला सांगितलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ती थेट कोर्टाबाहेरच्या पत्र्याच्या शेडखाली गेली. तिथे एक टायपिस्ट बाई बसायच्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. जगातले सगळे अर्ज आपल्या बोटांखालून गेलेत असा त्यांचा रुबाब.

"बारावा अर्ज टाइप करून हवाय," घडीवाली म्हणाली. "जरा कडक भाषेत."

टायपिस्ट बाईंनी अकरा पोचपावत्या आणि नकला चाळल्या.

"अक्षर सुरेख आहे. पण हे कुणाविरुद्ध आहे हो?"

"विरुद्ध असं नाही. विनंती आहे."

"आत कोण येतं?"

घडीवालीने मागे वळून पाहिलं. मागे एक म्हातारा झोपला होता. तरी तिने आवाज उतरवला. "लिहिलंय ना, गैरसोय होते."

"गैरसोय! बसायला बाक नसला तर गैरसोय होते, बाई. कपडे काढलेल्या बाईसमोर कोणी येऊन उभा राहतो त्याला गैरसोय म्हणतात?" त्या एवढ्या मोठ्याने बोलल्या, की घडीवालीला जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं. "बसा. पाणी प्या. मंडळ आहे म्हणता. काय काय करतं मंडळ?"

घडीवालीने सांगितलं. पाळ्या, मोजे, आरसा, त्या मारकुट्या नवऱ्याची गोष्ट. टायपिस्ट बाई मन लावून ऐकत होत्या, नवऱ्याच्या गोष्टीला खो खो हसल्याही. मग म्हणाल्या, "एका प्राध्यापिकेने माझ्याकडून चारशे पानं टाइप करून घेतली होती. बायकांचं राजकारण, हितगट नि दबावगट. तिला पदवी मिळाली, मला पाठदुखी. पण तीन महिने तेच बडवत होते, थोडंफार अंगाला लागलंच. तुमचं मंडळ म्हणजे हितगट. सगळ्यांचं दुखणं एक, सगळ्या एकमेकींना धरून. चांगलंच आहे ते, त्याशिवाय बाई जगत नाही. पण साहेबाला त्याचा काय त्रास? मोजे तुम्ही आणता, पाळ्या तुम्ही भरता. असं मंडळ प्रत्येक साहेबाला हवं असतं."

"आणि दुसरं?"

"दबावगट? बाया त्याच, मागणी तीच. फरक एवढाच, की नाही म्हणणं साहेबाला जड जायला लागतं. आत्ता सगळं तुम्ही सोसताय. थोडं त्याला सोसू द्या."

"म्हणजे संप? भांडण?"

"ते तुम्ही ठरवा. तुमच्या हातात काय आहे ते मला काय माहीत? पण एक आहे. एकमेकींना सांभाळायचं तर तोंड झाकून सांभाळता येतं. दबाव टाकायचा तर कुणाचं तरी तोंड दिसावं लागतं." त्यांनी कागद परत दिले. "बारावा अर्ज मी टाइप करत नाही. धंद्याचं नुकसान आहे, पण नाही करत. जा."

घडीवाली चिडली. उठताना म्हणालीही, "तुम्हाला काय, तुमची हजेरी कोणी मांडत नाही." टायपिस्ट बाई नुसत्या मान हलवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

मंगळवारी तिने मंडळात सगळं सांगितलं. वर्तुळामुळे अर्ज कसे निकालात निघाले तेही. सांगताना तिला वाटत होतं, आता या आपल्याला फाडून खाणार. पण कोणी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"दबाव?" शेवटी भोंगा म्हणाली. "चिंधी पिळून पिळून माझे खांदे गेले, आता साहेबाला पिळू?"

"मंडळ मोडेल," शिवणवाली म्हणाली. ती सगळ्यांत म्हातारी, फाटक्या चादरी शिवायची. "आजवर आपण कुणाच्या वाटेला गेलो नाही म्हणून टिकलो. उद्या अंगावर गेलो तर निम्म्या घरी बसतील. मग पाळ्या कोण कुणाच्या भरणार?" तिचं चूक नव्हतं. तीन-चार माना तिच्या बाजूने हलल्या.

"एक दिवस चादरी बंद करू," कोणीतरी म्हणालं.

"नाही," घडीवाली एकदम म्हणाली. "वर माणसं पडलीत. पोट फाडलेल्या माणसाला घाणीत झोपवायचं?"

"मग अडवायचं काय गं बाई? आपल्याकडे चादरींशिवाय आहे काय?"

ड्रायर फिरत होते. शिवणवालीने दातांनी दोरा तोडला आणि ज्या सुरात ती चादरीला भोक आहे म्हणायची त्याच सुरात म्हणाली, "चादर अडवायची नाही तर धरा. लहानपणी प्रवासात आमची आई धरायची, आत आम्ही कपडे बदलायचो. साहेबाच्या खोलीसमोर व्हरांडा चांगला ऐसपैस आहे. उजेडही आहे."

आधी बाया हसल्या. भोंगा तर गाठोड्यावरून घरंगळली. मग हसू एकेकीच्या तोंडावरून उतरलं, कारण गंमत नव्हती. त्या आठवड्यात चारशे नव्या चादरी शुक्रवारच्या आत धुवायला आल्या होत्या. तळघराला कुणी काही सांगत नसलं तरी चादरींवरून कळतं. नव्या चादरी म्हणजे वरून तपासणी येणार. शुक्रवारी.

"चार टोकं, चौघी," भोंगा म्हणाली. "मागच्या दोघी भिंतीकडे. पुढच्या दोघींची तोंडं सगळ्यांना दिसणार. एक मी. दुसरी?"

घडीवालीने मान खाली घातली. तेवढ्यात दोन महिने न बोललेली धाकटी बोलली.

"आत मी बदलेन."

घडीवालीने वर पाहिलं. धाकटी तिच्याकडे बघत नव्हती. कुणाकडेच बघत नव्हती. मग मोठ्या जावेला म्हणायला उरलं तरी काय?

"दुसरं टोक मी धरते," ती म्हणाली.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसला. "मला काही सांगू नकोस," तो म्हणाला. "मी काही ऐकलं नाही." तिने जेवण वाढलं. तो जेवला नाही. तीही नाही.

शुक्रवारी सकाळी बावीस जणी बाहेरच्या कपड्यांत, काखेत गणवेश घेऊन, तळघराऐवजी वरचा जिना चढल्या. घडीवाली तो जिना अकरा वर्षांत चार वेळा चढली असेल. पायऱ्या गुळगुळीत होत्या. व्हरांड्यात पोहोचल्यावर भोंग्याने चादर झटकली, टोकं वाटली, आणि धाकटी आत गेली. बाकीच्या ओळीने उभ्या राहिल्या. कोणी घोषणा दिली नाही. कोणी बोललंही नाही.

चादर थरथरत होती.

"हलवू नकोस गं," भोंगा पुटपुटली. तिची पुटपुट अख्ख्या व्हरांड्याने ऐकली. "होडीत बसल्यासारखं वाटतंय."

"मी नाही हलवत. हात हलतायत."

मग तो आवाज आला. किल्ल्या. या वेळी खरोखरच्या. मुकादम धावत जिना चढून आला, चादर पाहिली, ओळ पाहिली, आणि सरळ घडीवालीजवळ आला. इतका जवळ, की त्याच्या तोंडाचा तंबाखूचा वास आला. आवाज मात्र अगदी मऊ.

"ताई, तुम्ही तर समजूतदार. तुमच्या धाकट्या जावेचं नाव आता कुठे कुठे जाईल, विचार केलात? दीर काय म्हणेल? सोडा ते टोक."

तिला सोडावंसं वाटलं. खोटं कशाला सांगायचं? त्या क्षणी टोक टाकून पळत सुटावं, जिने उतरून जमिनीच्या पोटात जावं, असं तिला वाटलं. पण भीतीने बोटं अशी आखडली होती की सोडायची म्हटली तरी सुटली नसती.

"हे काय चाललंय?" साहेब दारात आले होते.

"कपडे बदलतोय साहेब," भोंगा म्हणाली. "कामावर जायचंय. उशीर होतोय."

"इथे?"

"खाली दाराला कडी नाही. इथे बंदोबस्त बरा आहे. शिपाई आहे, साहेब आहेत."

"मस्करी करता? आज तपासणी आहे! अर्ज करा ना रीतसर."

"अकरा केले."

"त्यांना अर्जदारच नाही!" साहेबांचा आवाज चढला. "बोलवायचं कुणाला मी? बावीस जणींना? एक तरी पुढे या म्हटलं, तर..."

त्याच वेळी लिफ्टचं दार उघडलं. तपासणीची माणसं तिसऱ्या मजल्यावर जायची होती. लिफ्ट पहिल्याच मजल्यावर थांबली होती. लिफ्टवाला समोर बघत उभा होता, बटण अडकलंय म्हणत होता, आणि बायकोकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. तिघं जण बाहेर आले. त्यांच्यातल्या एक पिकल्या केसांच्या बाई चादरीपाशी थांबल्या.

"कशाचा अर्ज?" त्यांनी विचारलं. "कुणाचा?"

भोंगा प्रथमच गप्प राहिली. ओळीतल्या बायांनी घडीवालीकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली, कारण तिला भरीस घालायचं नाही असं त्यांचं ठरलं होतं. व्हरांड्यात किल्ल्यांचा बारीक आवाज येत होता. मुकादम जुडगा हातात घोळवत होता.

"माझा," घडीवाली म्हणाली. आवाज मांजराच्या पिल्लासारखा निघाला. कुणाला ऐकू गेला नाही असं वाटून ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी तो इतका मोठा निघाला की तीच दचकली. "माझा अर्ज आहे! अकराही मी लिहिलेत."

धाकटी गणवेश घालून चादरीआडून बाहेर आली. बटणं नीट लावलेली होती. तिने चादरीचं टोक मोठ्या जावेच्या हातातून घेतलं, म्हणजे बोटं एक एक करून उकलून काढलं, आणि पुढची बाई आत गेली. बावीसही जणी बदलून होईपर्यंत साहेबांना तिथेच उभं राहावं लागलं, कारण तपासणीच्या बाई उभ्या होत्या.

दुपारी सुतार आला. आगीच्या नियमाचं काय झालं असं भोंग्याने त्याला मुद्दाम विचारलं. "मला कडी लावायला सांगितलीय, आग लावायला नाही," तो म्हणाला. कडी लागली. बोटभर लांब, नवी, तेल दिलेली. प्रत्येकीने एकदा सरकवून पाहिली.

आणि संध्याकाळी घडीवालीच्या नावाने चिठ्ठी आली. एकटीच्या नावाने. चौकशी, गुरुवारी अकरा वाजता, अर्जदाराने स्वतः हजर राहावे.

मधल्या दिवसांत मुकादम रोज हजेरी घ्यायला येत होता. चौकशी होईपर्यंत तो कामावरच होता. तिच्या नावाशी आला की थांबायचा, वहीत काहीच लिहायचा नाही, आणि गोड हसून म्हणायचा, "गुरुवारी भेटूच." तिला अन्न गोड लागेना. बुधवारी तिने धाकटीला विचारलं, "उद्या मी काय सांगू? तुझं नाव घ्यावं लागेल. नाही घेतलं तर काही उरतच नाही सांगण्यासारखं."

धाकटी भाजी निवडत होती. "घे," ती म्हणाली. "मी त्यांना फोन केला होता काल."

"मग? काय म्हणाले भावजी?"

"आधी ओरडले. मग म्हणाले, दोन महिने का नाही सांगितलंस. मी म्हटलं, ताई म्हणाली कुणाला बोलू नकोस." तिने हे रागाने म्हटलं नाही, म्हणूनच ते घडीवालीला जास्त लागलं.

गुरुवारी खोलीत तीन खुर्च्या एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. साहेब, चौकशीसाठी बाहेरून बोलावलेली एक परकी बाई, लिहून घेणारा कारकून, तोच खिडकीतला. मुकादम भिंतीशी बसला होता. किल्ल्या त्याने टेबलावर ठेवल्या होत्या, तिला दिसतील अशा. घडीवाली खुर्चीच्या अगदी कडेला टेकली.

तिने सांगितलं. बोळ, गाडी, कुलूप, शीळ. दार उघडायला लागलेला वेळ. बटणं. धाकटीचे शब्द जसेच्या तसे. मधे मधे आवाज बसायचा, मग ती थांबायची. कारकूनही थांबायचा.

"हे दोन महिन्यांपूर्वीचं," साहेब म्हणाले. "त्यानंतर तुम्ही एक अर्जही केलात. त्यात यातलं अक्षरही नाही. का?"

मुकादमाने खुर्चीत बसल्या बसल्या पाय लांब केले.

"भीती वाटत होती," ती म्हणाली. "हजेरी यांच्याकडे. मी माझ्या जावेलाही गप्प केलं. ती चूक माझी, तीही लिहा."

"मग आता खरं बोलताय कशावरून? आता भीती वाटत नाही?"

"वाटतेय की," घडीवाली म्हणाली. "आत्ताही वाटतेय. हे इथे बसलेत, यांच्या किल्ल्या इथे आहेत, मला घाम फुटलाय. तेही लिहून घ्या."

कारकुनाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी परक्या बाईंकडे पाहिलं, आणि बाई म्हणाल्या, "लिहा." मग पेन चाललं. घडीवाली पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसली, दोन्ही हात मांडीखाली दाबून, कापताना दिसू नयेत म्हणून.